आधी सुई, मग स्टेरॉइड: पेट क्लिनिकच्या टीमने कॅन्सर शिकायचा कसा

दहा वर्षांचा लॅब्रडॉर. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी, मागच्या पायांत गुडघ्यामागेही तशाच. मालकांच्या हातात एका दवाखान्याची चिठ्ठी होती: प्रेडनिसोलोन (हे एक स्टेरॉइड), पंधरा दिवस. गाठी आठवड्याभरात विरघळल्या, घरचे खूश झाले. गोळ्या संपल्या आणि गाठी पहिल्यापेक्षा मोठ्या होऊन परत आल्या. तो लिम्फोमा होता, म्हणजे लिम्फगाठींचा कॅन्सर. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी काही दिवस मरतात, पण ज्या उरतात त्या पुढच्या किमोला नीट दाद देत नाहीत. शिवाय स्टेरॉइड चालू असताना घेतलेल्या स्लाइडवरून निदान करणं पॅथॉलॉजिस्टला अवघड जातं. पहिल्याच दिवशी गाठीत सुई घालून आतल्या पेशी तपासल्या असत्या, तर हे सगळं टळलं असतं.

ती चिठ्ठी आमच्या दवाखान्यातून गेली असती, तरी मला नवल वाटलं नसतं. आमच्या भिंतीवर सेमिनारची सर्टिफिकेटं होती, फ्रेम करून. पण सेमिनारला गेलेला मी दुपारी घरी जेवत असतो, आणि नेमकं तेव्हा टेबलासमोर नुकतीच पास झालेली डॉक्टर असते. तिला जे माहीत आहे तेवढंच आमच्या दवाखान्याला माहीत आहे, असं मी तेव्हापासून धरून चालतो. तीन डॉक्टर, दोन असिस्टंट, एक रिसेप्शनिस्ट आणि साफसफाई करणाऱ्या मावशी एवढ्या टीमने कॅन्सर कसा शिकायचा, याची आम्ही चुकतमाकत बसवलेली पद्धत खाली देतो आहे.

१. कोर्स नंतर, आधी वही

कुठल्याही वेबिनारचे पैसे भरण्याआधी गेल्या सहा महिन्यांचे केसपेपर काढा आणि ज्या ज्या प्राण्याला गाठ, सूज, न भरणारी जखम किंवा कारण न सापडलेला लंगडेपणा होता, ते सगळे एका वहीत उतरवा. रकाने मोजके ठेवा: वय, जात, गाठ कुठे, केवढी, सुई घातली का, रिपोर्ट काय आला, पुढे काय झालं. ही वही असिस्टंटने भरावी, डॉक्टरने नव्हे. डॉक्टर लिहायला बसला की आठवणीने लिहितो. असिस्टंट केसपेपर बघून लिहितो.

या वहीतून तुमचा अभ्यासक्रम निघतो. भटक्या कुत्र्यांचं काम करणाऱ्या दवाखान्यात टीव्हीटीच टीव्हीटी (समागमातून पसरणारा कॅन्सर) दिसेल. सोसायट्यांमधल्या दवाखान्यात लॅब्रडॉर, गोल्डन आणि बॉक्सर यांचे लिम्फोमा आणि मास्ट सेल ट्यूमर (कातडीतल्या मास्ट पेशींच्या गाठी) असतील. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या माद्या जास्त असतील तिथे स्तनांच्या गाठी. तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस असेल तर बैलाच्या शिंगाचा कर्करोगही सापडेल. तो या लेखाचा विषय नाही, पण त्यावर ऑपरेशनं केलेल्या जुन्या डॉक्टरांकडून गाठ कशी काढायची, याच्या दोन गोष्टी शिकून घ्याव्यात.

आमच्या वहीत पहिल्या सहा महिन्यांत 'सुई घातली का' हा रकाना निम्म्याहून जास्त ठिकाणी रिकामा निघाला. तिथूनच सुरुवात केली.

२. सुई आणि काच

पहिले तीन महिने फक्त एवढंच. औषधांचं नाव काढायचं नाही. नवे डॉक्टर यावर कुरकुर करतात, कारण त्यांना किमो शिकायची घाई असते.

आठवड्यातून एक दिवस, ओपीडी बंद असते त्या दुपारच्या वेळात पाऊण तास बसायचं. (पुण्यात दुपारी एक ते चार हा वेळ कशासाठी असतो हे जगजाहीर आहे. तो आम्ही आठवड्यातून एकदा मोडतो.) २२ किंवा २३ गेजची सुई, ५ मिलीची सिरिंज, चार-पाच स्वच्छ स्लाइड. लिम्फनोड आणि गोल पेशींच्या गाठींत सिरिंजचा दट्ट्या ओढायची गरज नसते. नुसती सुई आत-बाहेर, दिशा बदलत, शिवणाच्या टाक्यासारखी फिरवली की पुरेशा पेशी येतात, आणि रक्त कमी मिसळतं. मग सिरिंजमध्ये हवा भरून ते थेंब स्लाइडवर टाकायचे आणि दुसऱ्या स्लाइडने हलकेच पसरायचे. जोर लावला की लिम्फोमाच्या पेशी फुटतात आणि स्लाइडवर नुसत्या निळ्या रेघा उरतात.

कुठली गाठ निवडायची, हेही शिकवावं लागतं. जबड्याखालचा नोड हाताला पटकन लागतो, म्हणून सगळे तिथेच सुई घालतात. पण दात किडलेल्या कुत्र्यात तो नोड तसाही सुजलेला असतो. गुडघ्यामागचा किंवा खांद्यापुढचा नोड जास्त खरं बोलतो.

आपल्याकडचा एक मोठा घोळ गोचीड तापाचा. या तापात, म्हणजे एर्लिकियामध्येही लिम्फनोड (लिम्फगाठी) वाढतात, प्लेटलेट घसरतात, कुत्रा मलूल होतो. परदेशी लेक्चरमध्ये यावर फारसा भर नसतो, कारण तिकडच्या अनेक शहरांत हा रोजचा प्रश्न नाही. आपल्याकडे लिम्फोमाचा संशय असलेल्या प्रत्येक कुत्र्याचा रक्ताचा स्मिअर आणि एर्लिकियाची तपासणी सोबतच व्हायला हवी. दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात, हेही टीमच्या डोक्यात पक्कं बसू द्या.

पावसाळ्यात स्लाइड सुकत नाही. हवेत ओल असली की पेशी हळूहळू आक्रसतात आणि सगळ्याच विचित्र दिसायला लागतात. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून लांबून वारा घाला. गरम हवा नको, आणि पेटलेल्या स्पिरिटच्या दिव्यावर तर अजिबात नको.

आणि हा माझा स्वतःचा पराक्रम: एकदा सुईच्या स्लाइड आणि फॉर्मलिनमधला तुकडा एकाच डब्यात घालून लॅबला पाठवला. फॉर्मलिनच्या वाफेने स्लाइडवरच्या पेशींना रंगच धरला नाही. पॅथॉलॉजिस्टने फोनवर जे ऐकवलं, ते आता आमच्या पॅकिंगच्या टेबलावर लाल अक्षरांत लावलेलं आहे, थोड्या सभ्य भाषेत. स्लाइड एका पिशवीत, तुकडा दुसऱ्या डब्यात. तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मलिन. गाठ मोठी असेल तर फॉर्मलिन आत पोचावं म्हणून एकेक सेंटीमीटरवर काप द्यायचे, पण पूर्ण तोडायची नाही, आणि कडा कुठली ते टाक्याने खूण करून कळवायचं.

'चरबीची गाठ आहे, काही नाही' हे वाक्य सुईशिवाय बोलायला आमच्याकडे बंदी आहे. मास्ट सेल ट्यूमर हाताला हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो. लिपोमामध्ये स्लाइडवर तुपकट, न सुकणारे थेंब येतात, मास्ट सेलमध्ये जांभळे दाणे भरलेल्या पेशी. झटपट होणाऱ्या डिफ-क्विक स्टेनमध्ये हे दाणे कधीकधी रंगतच नाहीत, म्हणून शंका असेल तर लेशमन किंवा गिम्सा करावा. आणि सुई टोचल्या टोचल्या गाठ लाल होऊन सुजली, तर त्यात मास्ट सेल आहेत असं समजून एव्हिल (अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) जवळ ठेवायचं.

शिकण्याची कसोटी सोपी आहे: प्रत्येक डॉक्टरने लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी स्वतःचं मत वहीत पेनाने लिहायचं. पेन्सिल चालणार नाही. रिपोर्ट आल्यावर दोन्ही समोरासमोर ठेवून चर्चा. पहिल्या महिन्यात लाज वाटते, तिसऱ्या महिन्यात पैजा लागतात.

३. हातमोजे, पंखा आणि मावशींचा प्रश्न

किमोचं औषध कपाटात येण्याआधी हा धडा पूर्ण व्हायला हवा. आमच्याकडे तो उलटा झाला. किमो घेतलेल्या कुत्र्याचा पिंजरा पुसताना मावशींनी विचारलं, "डॉक्टर, याच्या लघवीत ते औषध येतं का?" येतं. आम्ही तिघे डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिलो, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या एसीव्हीआयएम या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये किमोची औषधं सुरक्षितपणे हाताळण्याबद्दल सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. ते डॉक्टरांनी मुळातून वाचावं. मावशींसाठी आणि असिस्टंटसाठी त्याचा मराठी कागद आम्ही बनवला, एका पानाचा. त्यातल्या मुख्य गोष्टी:

किमो भरताना आणि देताना नायट्राइलचे दुहेरी हातमोजे, पुढून बंद गाऊन, मास्क आणि चष्मा. खोलीचं दार बंद, डोक्यावरचा पंखा बंद. एसीही तेवढ्या वेळापुरता बंद. लूअर-लॉक सिरिंज वापरायची, साधी खेचली की निघणारी नाही. सुईतली हवा उघड्यावर उडवायची नाही. ज्या फ्रिजमध्ये टीमचा डबा असतो, त्यात किमो ठेवायची नाही. गोळ्या फोडायच्या नाहीत, कॅप्सूल उघडायच्या नाहीत, मालकांनाही हे लिहून द्यायचं. गरोदर असलेली, होऊ पाहणारी किंवा अंगावर पाजणारी बाई या कामात नको, आणि ही गोष्ट विचारायची जबाबदारी दवाखान्याची. तिने लाजत स्वतःहून सांगावं, अशी वेळ येऊ देऊ नका. किमोनंतर निदान ४८ ते ७२ तास लघवी, शी, उलटी हातमोजे घालूनच साफ करायची. फवारा मारायचा नाही, ओल्या कागदाने पुसायचं.

कचऱ्याचा नियम कायद्याचा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. किमोच्या उरलेल्या औषधाचा कचरा पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, त्यावर सायटोटॉक्सिकची खूण, आणि तो १२०० अंश सेल्सियसच्या वर जाळला जायला हवा. तुमची कचरा नेणारी एजन्सी हा कचरा वेगळा घेते का, हे पहिली बाटली मागवण्याआधी विचारा.

या धड्याची परीक्षा कागदावर घेऊ नका. सलाइनमध्ये खाण्याचा रंग मिसळून असिस्टंटला 'किमो' भरायला सांगा, मग हातमोजे काढायला सांगा. कुठे कुठे रंग लागला ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या वेळी माझ्या मनगटावर होता.

४. किमोचा पहिला धडा टीव्हीटीवर

बऱ्याच जणांना किमो म्हणजे लिम्फोमा वाटतो. आपल्याकडे शिकायला त्याहून चांगला आजार आहे. टीव्हीटी, म्हणजे समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कॅन्सर. त्याच्या जिवंत पेशीच एका अंगातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, टीव्हीटीच्या पेशीत साधारण ५७ ते ६४. निदान स्लाइडवरच होतं: गोल पेशी आणि पेशीद्रवात ओळीने मांडल्यासारखे पांढरे बुडबुडे. बहुतेक कुत्री व्हिन्क्रिस्टीन या एकट्या किमोच्या औषधाने आठवड्याला एक याप्रमाणे चार ते आठ डोसांत बरी होतात. औषध स्वस्त आहे आणि फरक दर आठवड्याला डोळ्यांना दिसतो. टीमचा हात बसायला आणि धीर यायला यासारखी केस नाही.

डोसचा हिशेब इथेच पक्का करून घ्या. व्हिन्क्रिस्टीनचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर, साधारण ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. २० किलोच्या कुत्र्याचा पृष्ठभाग साधारण ०.७४ चौरस मीटर, म्हणजे ०.६ च्या हिशेबाने डोस ०.४५ मिलिग्रॅमच्या आसपास. आता कुणी घाईत 'प्रति चौरस मीटर'ऐवजी 'प्रति किलो' वाचलं, तर तोच डोस १२ मिलिग्रॅम होतो आणि कुत्रा जातो. म्हणून आमच्याकडे डोस दोघांनी, एकमेकांचा कागद न बघता काढायचा. दोन्ही आकडे जुळले तरच बाटली उघडायची. दुसरा माणूस डॉक्टरच असायला हवा असं नाही. आमची असिस्टंट हा हिशेब माझ्यापेक्षा लवकर करते.

व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर गळलं, तर कातडी सडते. त्यामुळे नवीन इंट्राकॅथ (शिरेत बसवायची नळी), एकाच प्रयत्नात बसलेली, सलाइनने तपासलेली. दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर दुसरा पाय. गळलंच, तर इंट्राकॅथ लगेच काढायची नाही. आधी तिच्यातून जेवढं औषध परत ओढता येईल तेवढं ओढा, मग काढा, आणि व्हिन्क्रिस्टीन असेल तर शेक गरम. डॉक्सोरुबिसिन असेल तर उलट, थंड शेक. हा फरक तोंडपाठ हवा. तो भिंतीवरही लावलेला हवा, कारण त्या क्षणी तोंडपाठ काही आठवत नाही.

प्रत्येक डोसच्या आधी सीबीसी. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण १५०० ते २००० प्रति मायक्रोलिटरच्या खाली असतील, तर डोस आठवडाभर पुढे. आणि प्लेटलेट कमी दिसल्या की आधी गोचीड ताप आठवायचा, मग औषधाला दोष द्यायचा.

५. पुढचं एकेक

टीव्हीटीच्या दहा-बारा केस टीमने नीट पार केल्या की पुढचा आजार घ्या, एका वेळी एकच. क्रम तुमच्या वहीवरून ठरेल.

लिम्फोमात चार औषधांचा सीएचओपी प्रोटोकॉल शिकायचा असतो. मालकांना खरा आकडा सांगायला शिका: बहुतेक कुत्र्यांत गाठी पूर्ण ओसरतात, आयुष्य साधारण वर्षभर मिळतं, फक्त प्रेडनिसोलोनवर एक ते दोन महिने. डॉक्सोरुबिसिन हृदयावर साठत जातं, म्हणून आजवरच्या डोसची बेरीज केसपेपरच्या पहिल्या पानावर असावी. कुत्र्यात १८० ते २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या पुढे जात नाहीत.

स्तनांच्या गाठींत कुत्री आणि मांजर यांचे धडे वेगळे. कुत्रीमध्ये साधारण निम्म्या गाठी वाईट असतात, मांजरीत शंभरातल्या पंच्याऐंशी ते नव्वद. म्हणून मांजरीच्या बाबतीत 'बघू या, वाढली तर काढू' हे चालत नाही. छातीचे एक्स-रे तीन: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि सरळ. खाली दाबलेल्या फुफ्फुसातली छोटी गाठ दिसत नाही, म्हणून दोन्ही कुशींवर हवेत.

मास्ट सेलमध्ये सर्जनने शिकायची गोष्ट म्हणजे कडेने २ ते ३ सेंटीमीटर आणि खाली एक पूर्ण पडदा घेऊन कापणं. मोठ्या जातीच्या कुत्र्यात लंगडेपणा औषधाने हटत नसेल, तर एक्स-रे आधी आणि पेनकिलर नंतर. हाडाचा कॅन्सर कोपरापासून दूर आणि गुडघ्याजवळ बसतो, हे विद्यार्थीदशेतलं सूत्र अजून कामाला येतं.

मांजरांसाठी एक वेगळा लाल कागद. सिसप्लॅटिन मांजराला मारतं, फुफ्फुसांत पाणी भरून. ५-फ्लुरोयुरॅसिलही मारतं. आणि घरातली पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळीही. हा कागद रिसेप्शनवर लावा, डॉक्टरांच्या खोलीत नव्हे.

६. फोन कोण उचलतं

किमोनंतरची अडचण सहसा रात्री नऊला फोनवर येते, आणि तो फोन रिसेप्शनिस्ट उचलते. त्यामुळे शिक्षणात तिचा वाटा सर्वांत मोठा, असं माझं मत झालं आहे. तिला तीनच प्रश्न पाठ हवेत: किमो कधी झाली, जेवतंय का, ताप मोजला का. किमोला चार ते दहा दिवस झाले असतील, आणि प्राणी मलूल असेल किंवा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल, तर 'उद्या सकाळी या' म्हणायचं नाही. पांढऱ्या पेशी याच दिवसांत तळाला जातात. डॉक्टरला लगेच जोडून द्यायचं.

त्रास किती झाला हे मोजण्यासाठी व्हीसीओजी या प्राण्यांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या गटाचं श्रेणीपत्रक वापरा. त्याची २०२१ ची आवृत्ती आहे. 'थोड्या उलट्या' आणि 'बऱ्याच उलट्या' असं केसपेपरवर लिहिलं, की पुढचा डोस कमी करायचा का, हे कुणालाच ठरवता येत नाही.

बोलण्याचा सराव टीममध्येच करा. एकाने मालक व्हायचं. मालक विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. "केस गळतील का?" बहुतेकांचे नाही, पण पूडल, शिहत्झू यांचे विरळ होतात, मांजराच्या मिशा जातात. "माणसासारखे हाल होतील का?" डोस मुद्दाम असे ठेवतात की हाल होऊ नयेत. आणि शेवटी हमखास, "डॉक्टर, तुमचा असता तर काय केलं असतं?" याचं उत्तर प्रत्येक डॉक्टरने स्वतःचं शोधायचं. मात्र ते खर्चाचा पूर्ण आकडा सांगून झाल्यावरच द्यायचं. अर्ध्यात सोडलेली किमो मालकाला आयुष्यभर टोचत राहते.

शेवट जवळ आल्यावर कधी थांबायचं, यासाठी प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांचं सात मुद्द्यांचं मोजमाप आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा, दहा म्हणजे सगळ्यात चांगली स्थिती. बेरीज ३५ च्या वर असेल, तर चालू ठेवायला हरकत नाही. हा तक्ता मालकांनी घरी भरायचा, दर रविवारी.

७. बाहेरचे गुरू

एक पॅथॉलॉजिस्ट धरा. फोन उचलणारा आणि चुकल्यावर रागावणारा. परळचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासूनचं आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. महिन्याला एक दिवस डॉक्टरने तिथल्या पॅथॉलॉजी विभागात बसून यायला परवानगी मागा. अमेरिकेत एसीव्हीआयएमची ऑन्कॉलॉजीची वेगळी बोर्ड परीक्षा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा सर्जरी, मेडिसिन किंवा पॅथॉलॉजीत एमव्हीएससी (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेलेच हे काम करतात. त्यामुळे त्यांच्या शेजारी उभं राहून शिकणं हाच खरा कोर्स.

वाचायला एएएचए या अमेरिकेतल्या प्राण्यांच्या दवाखान्यांच्या संघटनेचं २०१६ चं कुत्रा-मांजरांच्या कॅन्सरवरचं मार्गदर्शन आणि वेदनेवरचं डब्ल्यूएसएव्हीए या जागतिक पशुवैद्यक संघटनेचं २०२२ चं. महिन्याला एक प्रकरण, एका डॉक्टरने वाचून बाकीच्यांना मराठीत सांगायचं. इंग्रजीतून वाचून मराठीत सांगताना जे अडतं, ते आपल्याला कळलेलं नसतं. वेबिनार ऐकायचा असेल तर ऐका, पण दुसऱ्या दिवशी त्यातली एक गोष्ट दवाखान्यात बदलली नाही, तर पुढच्याचे पैसे दवाखाना भरणार नाही, असा आमचा नियम आहे.

वर्ष संपलं की वही परत काढायची. किती गाठींत सुरीच्या आधी सुई गेली, रिपोर्ट यायला किती दिवस लागले, डोसचे किती हिशेब जुळले नाहीत, हे मोजायचं. आमचा शेवटचा रकाना, 'पुढे काय झालं', पहिल्या वर्षी जवळपास कोराच होता. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉक्टरने स्वतः त्या घरांना फोन करायचा असं ठरलं आहे. बऱ्याचदा पलीकडून उत्तर येतं, "अहो डॉक्टर, तो गेला की गेल्या महिन्यात." तारीख विचारायची, थोडा वेळ ऐकून घ्यायचं आणि रकाना भरायचा.